वरची पोती

"दोनशे भरा," रवळू तांडेल म्हणाला. "माझा गलबत माका म्हायत आसा."

कर्णिक साहेबांनी चष्मा काढून कपाळावरचा घाम पुसला. मुंबईच्या मालेट बंदराच्या धक्क्यावर मे महिन्याचं ऊन तापलं होतं आणि साहेब सकाळपासून उभेच होते.

"तांडेल, हंगाम संपला. आज-उद्या वारा फिरेल. या दिवसांत तुझ्या गलबतावर दीडशेच्या वर पोतं चढवायचं नाही, असा हुकूम आहे."

"हुकूम तुमच्या खात्याचो," रवळू म्हणाला. "दर्याचो नाय."

"दर्याला हुकूम कळत नाही म्हणूनच दीडशे."

त्या दोघांच्या मध्ये मी उभा होतो. दीडशे की दोनशे, यात कुणाचं काय जाणार होतं ते मला नीट ठाऊक होतं.

साल त्रेचाळीस. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला तेव्हापासून रंगूनचा तांदूळ बंद झाला होता, आणि आमची कोकणपट्टी तर वर्षातले निम्मे दिवस त्याच तांदळावर जेवायची. आगबोटी सरकारनं लढाईच्या कामाला नेल्या, लॉऱ्यांना पेट्रोल मिळेना. उरली ती शिडाची गलबतं. कुठल्या गलबतात काय भरायचं आणि ते कुठल्या बंदराला न्यायचं, हे आमचं खातं ठरवायचं. आधी लष्कराचा माल, मग सिमेंट, मग रॉकेल, आणि त्यातून जागा उरली तर माणसांचं खाणं. त्या उरलेल्या जागेची वाटणी कर्णिक साहेब करायचे आणि त्यांच्या हाताखाली मी, पुरुषोत्तम नाबर. रोज कुठल्या ना कुठल्या बंदराचं कुणीतरी यायचं, हात जोडायचं, कधी शिव्या घालायचं. साहेब सज्जन होते. दोन्ही शांतपणे ऐकून घ्यायचे.

त्या आठवड्यात ऑस्ट्रेलियाच्या गव्हाची बोट मुंबईला लागली होती. तिच्यातली दोनशे पोती आमच्या वाट्याला आली, शंभर कांदळबंदराला आणि शंभर त्याच्या खालच्या शेवरेवाडीला. दोन्हीकडे जाणारं हे शेवटचं गलबत होतं. यानंतर नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद.

"मग पन्नास कमी करावी लागतील," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "नाबर, कुणाची कमी करायची? कांदळबंदर तुमचंच ना?"

साहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना खरोखरच सल्ला हवा होता. पण कांदळबंदरात माझी आई होती आणि आईपाशी कुमुद, माझी बायको, आठव्या महिन्यात. शेजारचा एक माणूस चार दिवसांपूर्वीच गावाहून आला होता. गावात लोक फणसाच्या आठळ्या शिजवून खातात, रानातले कंद खणायला पहाटे जातात, असं त्यानं सांगितलं होतं. "तुझ्या बायलेचे पाय सुजलेत," असंही म्हणाला होता आणि मग उगाच म्हणालो असा चेहरा करून उठला होता. मी साहेबांना काय सांगणार? आपल्या गावची पोती राखा म्हणालो तर शेवरेवाडीच्या तोंडचा घास काढला, आणि शेवरेवाडीची राखा म्हणालो तर कुमुदच्या.

रवळू कुबल शेवरेवाडीचा, आपल्याच गलबताचा तांडेल म्हणजे कप्तान. पन्नाशीचा, बुटका, दोन्ही कानांत बाळ्या, आणि तोंडात सदानकदा विझलेली विडी. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, एकदा साहेबांकडे.

"कमी कोणाची नको," तो म्हणाला. "दोनशे भरा. बुडला तर माझा गलबत बुडतला."

"गहू सरकारचा बुडेल."

"आणि आमी खय रवतलंव? धक्क्यार?"

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ठीक. पण खात्याचा एक माणूस पोत्यांबरोबर जाईल. प्रत्येक गाव आपापली पोती मोजून घेईल आणि तो माणूस ती देईल. वाटेत एक दाणा इकडचा तिकडे व्हायला नको."

"मी जातो," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की साहेबांना हसू आलं.

रवळूनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पवता येता तुमका?"

"येता."

"मगे वायच वाईट," तो म्हणाला. "पवणाऱ्याक मराक येळ लागता." आणि विडी या ओठावरून त्या ओठावर नेऊन तो पोती चढवायला गेला.

भरायची रीत अशी की जे आधी उतरायचं ते वर. कांदळबंदर आधी लागणार, म्हणून शेवरेवाडीची शंभर पोती तळाला गेली आणि आमची शंभर त्यांच्यावर. चुकू नये म्हणून मी आमच्या पोत्यांवर तांबड्या रंगाचा पट्टा ओढून घेतला होता. गलबत पाण्यात इतकं दबलं की काठावरून हात खाली सोडला तर बोटं भिजत होती. मला मात्र त्या तांबड्या पट्ट्यांकडे बघून बरं वाटत होतं. आमची वर आहेत, आमची आधी उतरणार. असं वाटण्यात काही अर्थ नव्हता, पण माणसाला वाटतं.

गलबतावर आम्ही सात जण होतो. रवळू, त्याचा पुतण्या बाबल, चार खलाशी आणि मी. बाबल तिशीचा, अंगानं दणकट आणि बोलायला फटकळ. त्याची बायको आणि तीन मुलं शेवरेवाडीलाच होती. पहिला दिवस वारा मागून होता. बाबल माझी थट्टा करत होता. नाबर कागदावर गलबतं हाकतात, आता खरं कसं वाटतंय, वगैरे. मी ओकत होतो, त्यामुळे त्याला उत्तर देणं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयगड मागे पडलं आणि वारा पडला. शीड लोंबकळायला लागलं. रवळू सुकाणूवर बसला होता तो उठून उभा राहिला. दक्षिणेकडे आभाळाची कड काळी झाली होती.

"शीड उतरा," तो म्हणाला.

शीड पुरतं खाली आलंही नव्हतं तेवढ्यात वारं समोरून आदळलं. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. पाणी काठावरून आत येत होतं हे आठवतं. ते थेंबाथेंबानं नव्हे, घागरी ओतल्यासारखं यायचं. आम्ही डब्यांनी उपसत होतो आणि जेवढं उपसू त्याच्या दुप्पट आत येत होतं. नाळ, म्हणजे गलबताचं पुढचं टोक, लाटेत शिरायची आणि पुन्हा वर यायला दर वेळी जास्त वेळ घ्यायची. बाबलची थट्टा बंद झाली होती.

"काका," तो ओरडून म्हणाला, "नाळ उचलणा नाय."

पुढच्या लाटेला नाळ पाण्याखाली गेली, ती वर आलीच नाही असं मला वाटलं. मग ती आली.

"वरची टाका," रवळू म्हणाला.

दोन खलाशांनी पहिलं पोतं उचललं आणि समुद्रात लोटलं. ते पाण्यावर क्षणभर दिसलं, तांबडा पट्टा वर, आणि बुडालं. मग दुसरं गेलं. तिसऱ्या पोत्याला मी मिठी मारली. ठरवून मारली नव्हती. माझे हातच सुटेनात.

"सोड," बाबल म्हणाला.

"वायच थांबा. वारा पडतलो."

मागून रवळूचा आवाज आला. तोवर तो मला 'तुमी' म्हणत होता. "तुझी बायल पोत्याची वाट बघता काय तुझी, ता एकदा ठरव. आणि ठरवन झाला काय उचलूक लाग."

मी सोडलं. आणि मग मीच उचलायला लागलो. एकेक पोतं दोन माणसांचं ओझं. एका टोकाला बाबल आणि दुसऱ्या टोकाला मी. ओल्या तागाला हात सोलून निघत होते. प्रत्येक पोतं टाकताना मला ते कुणाच्या घरी गेलं असतं ते दिसत होतं, म्हणून मी डोळे मिटून टाकायला लागलो. कुणी मोजत नव्हतं. रवळू 'पुरे' म्हणेपर्यंत टाकायचं, एवढंच.

बऱ्याच वेळानं तो 'पुरे' म्हणाला. गलबत हलकं होऊन लाटेवर चढायला लागलं होतं. दिवस मावळायच्या आत वारंही ओसरलं. जीव वाचला म्हणून खलाशांनी समुद्राला हात जोडले. मी पोत्यांकडे गेलो आणि मोजली. तांबड्या पट्ट्याची वीस उरली होती. त्यांच्या खाली शेवरेवाडीची शंभर जशीच्या तशी होती, तळच्या थराला जरा पाणी लागलं होतं एवढंच.

बाबलनं एकदा माझ्याकडे पाहून मान फिरवली. मला त्या वेळी शेवरेवाडीच्या शंभर पोत्यांचा राग आला, खराखुरा राग, जसा माणसाचा येतो. आमची पोती गेली म्हणून ती आणि आम्ही सगळे पाण्यावर होतो. पण हे बोलायला मला तोंड नव्हतं. शेवरेवाडीच्या माणसाकडे शेवरेवाडीचं पोतं कोणत्या तोंडानं मागायचं? त्याच्या घरी पोरं उपाशी. आणि तो देतो म्हणाला असता तरी मला घेता आलं नसतं. एक दाणा इकडचा तिकडे होऊ नये म्हणून तर साहेबांनी मला पाठवलं होतं. मी शिडाच्या कापडावर पडून राहिलो आणि कांदळबंदर येऊच नये असं मनात म्हणत राहिलो. स्वतःच्या गावाबद्दल असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

सकाळी भरतीबरोबर आम्ही खाडीत शिरलो. शीड दिसल्याबरोबर गाव किनाऱ्यावर आलं होतं. बापे कमरेएवढ्या पाण्यात उतरून पुढे येत होते, बायका चिखलाच्या कडेला उभ्या होत्या. आई दिसली. तिच्या शेजारी कुमुद होती, दोन्ही हात कमरेवर ठेवून. ती दोन महिन्यांत अर्धी झाली होती, आणि पोट तेवढं पुढे.

सगळ्यांच्या पुढे होता वळंजू. गावच्या धान्याच्या दुकानाचा ताबा त्याच्याकडे होता. "शंभर मां?" तो काठाला हात लावत म्हणाला. "शंभर कळला होता आमका."

"वीस," मी म्हणालो.

त्याला वाटलं त्यानं चुकीचं ऐकलं. मी पुन्हा सांगितलं. वादळात सापडलो, वरची टाकावी लागली, वीस उरली. मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, पुढच्यांनी मागे सांगितलं, आणि ते सांगणं किनाऱ्यापर्यंत गेलेलं मला बायकांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

वळंजूनं टाचा उंचावून गलबतात डोकावलं. "आणि ही खालची कोणाची?"

"शेवरेवाडीची."

"इतकी पोती आसत आणि आमका वीस?"

"वीसच आपली. ही आपली नाय."

तेवढ्यात दहा-बारा हात काठावर आले होते. कुणी दांडगाई करत नव्हतं. नुसते हात धरून उभे होते, पण गलबत हलणार नाही इतके घट्ट. त्यांतल्या अर्ध्यांच्या घरी मी लहानपणी जेवलो होतो. मी पोत्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. दुसरं काय करावं हे मला सुचत नव्हतं.

"पुरुषोत्तमा," किनाऱ्यावरून आईचा आवाज आला. ती कधी मोठ्यानं बोलायची नाही, तेव्हाही बोलली नाही, पण सगळे गप्प असल्यामुळे ऐकू आलं. "अरे, हिच्याकडे तरी बघ."

"आई, ती आपली न्हय," मी म्हणालो.

कुमुद माझ्याकडे बघत होती. त्यापेक्षा ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाबल रवळूच्या कानाशी गेला. "काका, भरती उतराक लागली. नांगर उचलूया. हे हात धरून रवतले आणि आपण हयच अडकतलंव."

रवळू सुकाणूशी बसून होता. त्यानं विडी पेटवली होती. माझ्या गावाकडे, त्या हातांकडे आणि मग पोत्यांकडे तो असा बघत होता की मला वाटलं, हा आता शिव्या देणार आणि खरोखर नांगर उचलणार. मनातल्या मनात मी त्याला दोषही दिला नाही. विडी संपेपर्यंत तो बसला. ती पाण्यात टाकली आणि उठला.

"साठ उतरा," तो म्हणाला.

मला वाटलं तो वीस म्हणायला चुकला. "वीस," मी म्हणालो.

"साठ. वीस तुमची वरची आणि चाळीस खालची. एकशे वीस रवली, दोन गावां. साठ आणि साठ."

"काका," बाबल म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "आपल्या वाडीत पोरां आसत."

"माका म्हायत नाय?"

"मगे?"

"मगे काय? साठ उतर."

आणि इथे मी आडवा आलो. आज सांगताना मलाच ते खरं वाटत नाही. माझी आई ऐकत होती, बायको ऐकत होती, आणि मी म्हणत होतो, "तांडेल, हे जमणार नाय. ती शंभर पोती शेवरेवाडीच्या नावाची आहेत. ती तिथंच उतरली पाहिजेत. गेली ती आमची गेली."

रवळूला राग आला. त्याच्या कानांतल्या बाळ्या हलल्या. "तुमची गेली? काल पोतां टाकताना तू काय बघलंस? कोणाचा आसा ता बघलंस?"

"वरची टाका म्हणालात, वरची टाकली."

"वर होती म्हणान टाकली. कांदळबंदरची म्हणान टाकूक नाय. वरची पडली म्हणान खालची रवली आणि गलबत रवला. शेवरेवाडी आधी लागती तर आमची वर आसती, ती गेली आसती. मगे मी हय येवन काय म्हटलंय आसतंय, माझी गेली, तुमची घेवा आणि बरे रवा?" तो दम घ्यायला थांबला. "दर्यात जा टाकला ता गलबताचा गेला. गलबतात दोघांचा होता, दोघांचा गेला. माझ्या बापाशीन असाच केल्यान. तेच्या बापाशीनय असाच केल्यान. तुमचा खाता कालचा आसा."

"साहेबांना मी काय सांगू?"

"काय होया ता सांग. रवळू कुबल चोर आसा म्हणान सांग. पण आता बाजूक हो, पाणी उतरता."

मी बाजूला झालो नाही. बाबलनंच मला दंडाला धरून बाजूला केलं. त्याचे डोळे लाल झाले होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं एकट्यानंच पहिलं पोतं उचललं, तांबडा पट्टा असलेलं नव्हे, खालचं, आणि काठाशी उभ्या वळंजूच्या खांद्यावर इतक्या जोरात ठेवलं की वळंजू पाण्यात बसता बसता राहिला.

साठ पोती उतरली. शेवटचं पोतं गेल्यावर आई पाण्यात थोडी पुढे आली आणि तिनं रवळूला हात जोडले. तो दुसरीकडे बघत होता. त्यानं ते पाहिलं की नाही मला माहीत नाही. मी खाली उतरून कुमुदपर्यंतसुद्धा गेलो नाही. जाऊ शकलो असतो. पण उरलेली साठ पोती घेऊन शेवरेवाडीला कुणीतरी तोंड दाखवायला हवं होतं, आणि ते एकट्या रवळूचं काम नव्हतं.

शेवरेवाडी म्हणजे एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माडांखाली तीस-चाळीस घरं. रस्ता नाही, दुकान नाही. जे जायचं ते पाण्यातूनच. आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. वादळ होतं, नाळ बुडत होती, पोती टाकली नसती तर कुणीच आलं नसतं. नंतरची वाटणी मात्र कशी सांगायची ते जुळत नव्हतं. कुणी भांडायला आलं तर पुढे मी होणार, एवढं ठरवलं होतं.

बायका पाण्यात आल्या. त्यांच्यात सगळ्यांत पुढे एक म्हातारी होती, काठीसारखी वाळलेली, लुगडं मांड्यांपर्यंत खोचून. ती रवळूची आई. तिनं गलबतात नजर टाकली. पोत्यांच्या वर किती रिकामी जागा आहे ते तिनं पाहिलं.

"कितकी?" तिनं विचारलं.

"साठ," रवळू म्हणाला.

"दर्यान कितकी घेतल्यान?"

"ऐंशी."

म्हातारी मनाशी काहीतरी पुटपुटली. दोनशे होती हे त्यांना कळलेलं होतं. म्हणजे साठ आणि साठ, हे तिला तिथल्या तिथे समजलं असणार. मी वाट बघत होतो. आत्ता कुणीतरी विचारेल, कुणाची गेली? वरची कुणाची होती? आमची शंभर तळाला होती ना? मी एकेका चेहऱ्याकडे बघत होतो. बाबलची बायको होती, तिच्या कडेवर मूल होतं, त्याचे डोळे मोठे झालेले आणि मान बारीक. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि मुलाला दुसऱ्या बाईकडे देऊन पोत्याला हात घातला. कुणीही विचारलं नाही.

पोती वर चढवून झाली तेव्हा मी एका ओंडक्यावर बसलो होतो. माझे हात सोललेले होते. म्हातारीनं खोबरेल आणलं आणि न विचारता माझ्या तळव्यांना लावायला लागली. रवळूनं तिला सांगितलं, हे नाबर, कांदळबंदरचे, यांची बायल दिवसांतली आहे.

"कितवो?" म्हातारीनं मला विचारलं.

"आठवो."

"तिका पोचला मां?"

मला काय म्हणायचं ते कळलं नाही. तिचा हात माझ्या हातावर होता आणि त्या हाताची सगळी हाडं मला लागत होती. "पोचला," मी म्हणालो.

"बरा झाला," ती म्हणाली. "पण सांग तिका, गव्हाची पेज घट्ट करू नको. पोटात बसता. पातळ कर आणि मीठ घाल वायच." मग तिनं वाटी उचलली आणि बाबलचे हात बघायला गेली.

मी मुंबईला परत गेलो ते चालत, बैलगाडीनं आणि मिळेल त्या वाहनानं. जे झालं ते जसंच्या तसं मी कर्णिक साहेबांना सांगितलं. त्यांनी टाक उचलून कागदावर एकच ओळ लिहिली. मग म्हणाले, "ऐंशी पोती समुद्रात गेली, हे वर कळवू. बाकीचं मी ऐकलं नाही."

आषाढात कुमुद बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत असा निरोप आला.

नारळी पौर्णिमा झाली आणि आठवड्यानं रवळूचं गलबत मालेट बंदराला लागलं. मी धक्क्यावर धावतच गेलो. रवळू दोर आवळत होता. मला बघून त्यानं विडी काढली.

"काय रे, झील काय चेडू?"

"चेडू."

"चेडवाची आवस बरी आसा?"

"बरी आसा. तुमच्याकडे सगळी?"

तो दोराकडे बघत म्हणाला, "म्हातारी गेली. श्रावण लागलो तेवा."

"काय झाला होता?"

"काय होवचा आसता? म्हातारी होती."

बाबल मागे पाण्याचं पिंप उतरवत होता. तो म्हणाला, "आपल्या वाटणीची पेज पोरांका घाली. इचारला काय जेवलंय म्हणान सांगी. आमका कळूक नाय."

"तू आपला काम कर," रवळू त्याला म्हणाला.

मी तिथंच उभा राहिलो. न बोलता गेलो असतो तर चाललं असतं, पण मला राहवलं नाही. "रवळूनू," मी म्हणालो, "ती चाळीस पोती जर तुमी वाडीक नेली असतीत..."

"खयची चाळीस?"

"आमच्याकडे उतरवलात ती. तुमची."

रवळूनं दोर सोडला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते आणि त्याला त्याचा राग आला होता.

"ती माझी नाय होती," तो म्हणाला.